मुका ध्वनिवर्धक पुन्हा बोलू लागला

वाचकहो, जुनी वस्तू घरातून काढून टाकताना आपण सहसा एकच प्रश्न विचारतो: हिचा आता उपयोग काय? ज्याने ती घडविली त्याने ती अशीच का घडविली, हा दुसरा प्रश्न आपल्या मनात क्वचितच येतो. इंदूर येथील आमच्या धर्मग्रामात गतवर्षी घडलेल्या एका लहानशा घटनेने हा दुसरा प्रश्न विचारण्याचा धडा आम्हांस दिला. तो शिकत असता आमच्या हातून एक चूकही घडली. दोन्ही गोष्टी येथे मोकळेपणाने सांगाव्यात असे आम्हांस वाटते. कारण आपल्या खेड्यापाड्यांतील कितीतरी चर्चच्या अडगळीत अशी एखादी पेटी आजही धूळ खात पडली असेल.

वजनावर निघालेली पेटी

इंदूर हे होळकरांचे शहर. मराठ्यांच्या राज्याबरोबर माळव्यात आलेली मराठी कुटुंबे येथे पिढ्यान् पिढ्या नांदत आली आहेत. या शहराला गाण्याचा कान आहे. उस्ताद अमीर खाँ यांच्या गायकीला इंदूरचेच नाव मिळाले. लता मंगेशकर यांचा जन्म १९२९ साली येथेच झाला. आकाशवाणीचे इंदूर केंद्र १९५५ साली सुरू झाले. अलीकडे मात्र शहराची ख्याती वेगळ्याच कारणासाठी झाली आहे. देशातील स्वच्छ शहरांच्या पाहणीत २०१७ सालापासून ओळीने अनेक वर्षे इंदूरने पहिला क्रमांक मिळविला. ही अभिमानाची गोष्ट खरीच. तथापि झाडलोटीच्या उत्साहात कधी कधी टाकू नये तेही टाकले जाते.

आमच्या चर्चची वेदीमागील खोली गतवर्षी पावसाळ्यापूर्वी साफ करावयास काढली. मोडके मेणबत्तीदान, वाळवी लागलेली बाके, गंजलेले भोंगे असा बराच पसारा निघाला. त्यांतच काळ्या रेक्झिनने मढविलेली एक लाकडी पेटी होती. पुढच्या बाजूस विटलेले कापड, त्यामागे स्पीकर, वरच्या बाजूस चार बटणे. भंगारवाल्याने ती काट्यावर चढविली तेव्हा साडेअकरा किलो भरली. आतल्या तांब्याकडे त्याचे लक्ष होते. इतक्यात गायकवृंदात गिटार वाजविणारा एक तरुण धावत आला आणि म्हणाला, "फादर, ही आमच्या आजोबांची आहे. ही देऊ नका."

ती पेटी म्हणजे गिटारचा ध्वनिवर्धक, ज्याला सगळेजण अ‍ॅम्प्लिफायर म्हणतात. तरुणाचे आजोबा शाळेत शिक्षक होते व अनेक वर्षे गायकवृंदाचे प्रमुख होते. सारे धर्मग्राम त्यांस मास्तर म्हणून ओळखत असे. त्यांस देवाज्ञा होऊन बराच काळ लोटला आहे. मास्तरीणबाई मात्र आजही दर रविवारी मिस्सेला येतात.

"ही पेटी बंद का पडली?" असे आम्ही फादरांस विचारले. ते म्हणाले, "बंद पडली नाही, बंद केली. एका नाताळात गिटारवर हात असलेल्या मुलाचे ओठ मायक्रोफोनला लागले आणि त्याला विजेचा असा झटका बसला की तो खाली कोसळला. देवाच्या दयेने वाचला. तेव्हापासून ही कोणी लावीत नाही." फादरांची काळजी रास्त होती. मुलांच्या जिवाहून कोणतीही वस्तू मोठी नाही. यास्तव असे ठरले की, पेटी निर्धोक होत असेल तरच ठेवावी. नाहीतर भंगारात द्यावी. ते पाहण्याचे काम आम्ही अंगावर घेतले.

आमची घाई

आता आमच्या चुकीची गोष्ट. पेटी घरी आणली त्याच संध्याकाळी, ती अद्याप बोलते की नाही हे पाहण्याच्या उत्सुकतेने आम्ही तिचा दोन टोकांचा प्लग सरळ भिंतीत खुपसला. काही क्षण आत तांबूस उजेड दिसला. मग मोठी घरघर झाली, फटाका फुटावा तसा आवाज आला आणि करपट वासाचा धूर निघाला. आम्ही प्लग ओढून काढला तोवर व्हायचे ते होऊन गेले होते. आत पाहिले तर फ्यूजच्या जागी कोणीतरी जाड तांब्याची तार गुंडाळलेली. म्हणजे ज्या राखणदाराने वेळीच वीज तोडावयाची, त्यालाच कोणीतरी पूर्वी कामावरून काढून टाकले होते.

दुसऱ्या दिवशी ती पेटी घेऊन आम्ही एका वृद्ध कारागिराकडे गेलो. त्यांचे सारे आयुष्य रेडिओ दुरुस्त करण्यात गेले आहे. आता दुकान नाही. घराच्या ओसरीवर एक मेज आणि डब्यांची रांग एवढाच पसारा. त्यांनी पेटीचा वास घेतला आणि आमच्याकडे पाहिले.

"अहो, वीस-पंचवीस वर्षे अंथरुणाला खिळलेल्या माणसाला उठवून कोणी एकदम पळायला लावते का?"

आमच्यापाशी उत्तर नव्हते. त्यांनी आतून एक काचेची नळी काढून आमच्या हातावर ठेवली. "ही मास्तरांच्या वेळची. काल रात्रीपर्यंत बहुधा चांगली होती." ती नळी आमच्या घाईने जळाली होती.

ही पेटी काम कशी करते?

दुरुस्तीची हकीकत समजण्यास या पेटीची थोडी ओळख हवी. विजेच्या गिटारच्या तारांखाली लोहचुंबक व तारेचे वेटोळे असते. तार कंप पावली की वेटोळ्यात अगदी क्षीण वीज निर्माण होते. ती स्पीकरचा जाड कागद हलवू शकत नाही. तिला बळ देण्याचे काम ध्वनिवर्धक करतो, आणि जुन्या पेट्यांत ते काचेच्या नळ्यांकडून, म्हणजे व्हॉल्व्हकडून होत असे.

व्हॉल्व्ह या शब्दाचा अर्थच झडप. शेताच्या पाटावरील दार डोळ्यांपुढे आणा. दार हलवावयास एका हाताचे बळ पुरे, पण त्यामागून जाणारे पाणी सारा मळा भिजविते. नळीतील बारीक तार तापली की तिच्याभोवतालच्या लेपातून विजेचे कण निघतात व समोरच्या पत्र्याकडे धावतात. वाटेत एक विरळ जाळी असते. गिटारची क्षीण वीज या जाळीवर येते आणि दाराप्रमाणे त्या मोठ्या प्रवाहाचे नियमन करते. जॉन फ्लेमिंग या इंग्रज शास्त्रज्ञाने १९०४ साली पहिला व्हॉल्व्ह केला. १९०६ साली अमेरिकेत ली डी फॉरेस्ट यांनी त्यात ही जाळी घातली. त्यानंतरचे रेडिओ, बोलपट व ध्वनिक्षेपक याच नळीवर उभे राहिले. १२ फेब्रुवारी १९३१ रोजी मार्कोनी यांनी उभारलेल्या व्हॅटिकन रेडिओवरून पोप अकरावे पायस यांनी जगाला उद्देशून भाषण केले, तेव्हा त्यांच्या आवाजालाही अशाच नळ्यांनी बळ दिले होते.

१९४७ साली अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत ट्रान्झिस्टर जन्मास आला व व्हॉल्व्ह हळूहळू मागे पडला. तो लहान, स्वस्त आणि थंड. मग गिटार वाजविणारे जगभर आजही जुन्या नळ्यांचा आग्रह का धरतात? ढोबळमानाने कारण असे. ताकदीबाहेर काम पडले की साधा ट्रान्झिस्टर स्वराची लाट वरून सुरीने कापल्यासारखी सपाट करतो आणि आवाज कर्कश होतो. व्हॉल्व्ह मात्र त्या लाटेचे शिखर हळूहळू गोल करतो. स्वर भरतो, पण बोचत नाही. हलके वाजविले तर निर्मळ, जोराने वाजविले तर किंचित घोगरा. जणू वादकाच्या बोटांना पेटी उत्तर देते.

जगप्रसिद्ध पेट्यांचे मूळ पाहू गेल्यास तेथेही एखादा साधा कारागीरच भेटतो. अमेरिकेतील लिओ फेंडर यांनी १९३८ साली कॅलिफोर्नियातील फुलर्टन गावी रेडिओ दुरुस्तीचे दुकान काढले होते; त्यातूनच पुढे त्यांचे ध्वनिवर्धक व गिटार निघाले. लंडनमध्ये ढोल शिकविणारे जिम मार्शल यांच्या वाद्यांच्या दुकानात १९६२ साली फेंडर यांच्या एका पेटीवरून पहिला मार्शल ध्वनिवर्धक तयार झाला. इंग्लंडमधीलच व्हॉक्सच्या १९५८ सालच्या १५ वॅटच्या पेटीत ईएल ८४ या जातीचे दोन व्हॉल्व्ह शेवटच्या टप्प्यावर असत. आमच्या मास्तरांच्या पेटीतही तेच दोन निघाले.

चासीखालचा मजकूर

मास्तरांची पेटी विलायती नव्हती. त्या काळी परदेशी मालाच्या आयातीवर कडक निर्बंध होते, आणि शिक्षकाच्या पगारात ती परवडलीही नसती. हवाईयन गिटारचा तो बहराचा काळ. लखनौचे व्हॅन शिपली यांच्या गिटारवरील चित्रपटगीतांच्या तबकड्या तेव्हा लोकप्रिय होत्या. ब्रिटनच्या मुलार्ड कंपनीने 'पाच-दहा' नावाचा एक नकाशा प्रसिद्ध केला होता: पाच व्हॉल्व्ह आणि दहा वॅट. अशा नकाशांवरून हौशी माणसे घरीच ध्वनिवर्धक जोडीत. मास्तरांनी मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरून सुटे भाग आणले व एका रेडिओ मेकॅनिकला हाताशी धरून पेटी जुळविली. त्यात एक ईझेड ८१, दोन ईसीसी ८३ आणि दोन ईएल ८४ असे पाच व्हॉल्व्ह. कारागिरांनी लोखंडी चासी उलटी केली तेव्हा कोपऱ्यात पेन्सिलीने लिहिलेला मजकूर दिसला: "नाताळ १९६७". खाली लहानसा क्रूस.

तारीख पाहून आम्हांस एक गोष्ट आठवली. दुसऱ्या व्हॅटिकन महासभेने पवित्र उपासनेविषयीचा आपला दस्तऐवज ४ डिसेंबर १९६३ रोजी प्रसिद्ध केला. त्यात पाइप ऑर्गनचा मान कायम राखून, उपासनेस साजेशी इतर वाद्येही स्थानिक धर्माधिकाऱ्यांच्या संमतीने वापरता येतील असे सांगितले होते. लोकभाषेतील मिस्सेची वाटही त्याच महासभेने मोकळी केली. ज्या काळी लोक प्रथमच आपल्या भाषेत मोठ्याने गाऊ लागले, त्याच काळी मास्तरांनी ही पेटी बांधली होती. या योगायोगाचा अर्थ आम्हांस नंतर कळला.

दुरुस्तीची पायरी-पायरी

कारागिरांनी पहिला नियम सांगितला: "प्लग काढला म्हणजे वीज गेली असे समजू नका." या पेटीत सुमारे ३०० व्होल्टची वीज खेळते, आणि मोठे कंडेन्सर ती प्लग काढल्यावरही साठवून ठेवतात. विहीर आटली तरी डोहात पाणी राहावे तसे. त्यांनी एक हात पाठीमागे ठेवला, रबरी वेष्टणाच्या तारेला जोडलेल्या रेझिस्टन्समधून तो साठा हळूहळू उतरविला, आणि मीटरने शून्य आल्याची खात्री करूनच आत हात घातला. हा भाग आम्ही मुद्दाम लिहीत आहोत. माहितगारावाचून कोणीही असली पेटी उघडू नये. ती वीज माणसाचा प्राण घेऊ शकते.

मग त्यांनी आम्हांस मोबाइलवर आतल्या प्रत्येक जोडाचे छायाचित्र घ्यावयास लावले. काढलेला प्रत्येक भाग चिठ्ठी लावून एका पत्र्याच्या डब्यात ठेवला. "जुना भाग टाकायचा नाही. तो आपला साक्षीदार असतो," असे ते म्हणाले.

निदान असे झाले. विजेचे चढउतार सपाट करणारे मोठे कंडेन्सर आतून वाळले होते. आमच्या घाईत त्यांतलाच एक फुटला आणि त्याच्याबरोबर ईझेड ८१ गेला. असे कंडेन्सर वाळले की पेटी घरघरते. आपली वीज सेकंदास ५० आवर्तनांची; ती सरळ करताना १०० आवर्तनांची लहर उरते, तीच ती घरघर. दुसरा दोष अधिक घातकी. टप्प्याटप्प्यांमध्ये बसविलेले मेणकागदी कंडेन्सर गळत होते. त्यांनी फक्त स्वर पुढे जाऊ द्यावयाचा व सरळ वीज अडवावयाची. पण ते गळू लागले की शेवटच्या व्हॉल्व्हच्या जाळीवर नको ती वीज येते, व्हॉल्व्हचा पत्रा लाल होतो आणि अखेरीस स्पीकरचा ट्रान्सफॉर्मरही जळतो. ते सारे बदलावे लागले. रेझिस्टन्स मात्र एकेक मोजून पाहिले. ज्यांचे माप पाचव्या हिश्शाहून अधिक चढले होते तेवढेच काढले, उरलेले राहू दिले. व्हॉल्व्हची बैठक आणि बटणे औषधाने साफ केली. स्पीकरच्या कागदाला चीर होती; तिला पातळ कागद व पातळ डिंक लावून जोडले. स्पीकर बदलण्याचा सल्ला कोणी देईल म्हणून कारागिरांनी आधीच सांगून टाकले, "गिटारचा निम्मा आवाज या कागदात असतो."

मग झटक्याचे मूळ सापडले. दोन टोकांच्या प्लगला अर्थिंग नव्हते, आणि खरखर कमी व्हावी म्हणून विजेच्या तारेपासून चासीपर्यंत जोडलेला एक लहान कंडेन्सर गळत होता. त्यामुळे सारी चासी, आणि तिच्याशी जोडलेल्या गिटारच्या ताराही, विजेने भारलेल्या. एक हात तारांवर आणि ओठ अर्थ असलेल्या मायक्रोफोनवर, की वीज शरीरातून वाहिलीच. हा धोका काल्पनिक नव्हे. १९७२ साली ब्रिटनमधील स्वान्सी येथे लेस हार्वी नावाचा स्कॉटिश गिटारवादक, अर्थिंग नीट नसलेल्या मायक्रोफोनला हात लागून रंगमंचावरच मरण पावला. कारागिरांनी तो कंडेन्सर कायमचा काढला. महाराणी रोडच्या बाजारातून तीन टोकांचा प्लग व जाड वायर आणली. हिरवी तार चासीला स्वतंत्र बोल्टने आवळली, आणि फेजच्या तारेत योग्य मापाचा खरा फ्यूज बसविला. नव्या प्लगच्या भिंतीतील जागेलाही अर्थिंग आहे की नाही, हे त्यांनी स्वतः चर्चमध्ये येऊन तपासले. ते नव्हतेच. तेही करून घ्यावे लागले.

प्रथम वीज दिली ती ६० वॅटच्या जुन्या तारेच्या दिव्यातून, म्हणजे सिरीज बोर्डातून. आत कोठे दोष असेल तर दिवा लख्ख पेटतो आणि पेटी वाचते. आमचा दिवा क्षणभर पेटला आणि मंदावला. कारागिरांच्या डब्यात एक जुना, न वापरलेला ईझेड ८१ होता. तो त्यांनी दिला. बाकीचे चारही व्हॉल्व्ह मास्तरांचेच राहिले. स्पीकर जोडल्यावाचून अशी पेटी कधी चालवू नये, हेही त्यांनी बजावले. मग मापे घेतली. दोन ईएल ८४ च्या सामाईक १३० ओहमच्या रेझिस्टन्सवर १० व्होल्ट आले. म्हणजे दोघांत मिळून सुमारे ७७ मिलिअँपिअर. हिशेब करता प्रत्येक व्हॉल्व्हच्या पत्र्यावर साधारण १० वॅटचा भार पडत होता. मर्यादा १२ वॅटची. "तब्येत ठीक आहे," कारागीर म्हणाले.

आवाज आला, पण मास्तरांचा नव्हे

पेटी चर्चमध्ये नेली. नातवाने गिटार लावली व नेहमीचे एक स्तोत्र धरले. घरघर नाही, खरखर नाही, झटका नाही. भरदार, खोल आवाजाने चर्च भरून गेले. फादरांच्या चेहऱ्यावर समाधान दिसले. आम्हीही मनात स्वतःस शाबासकी दिली.

मास्तरीणबाई मागच्या बाकावर बसल्या होत्या. गाणे संपल्यावर त्या पुढे आल्या नाहीत. आम्ही जवळ गेलो तेव्हा म्हणाल्या, "पेटी तीच आहे. पण हा आवाज ह्यांचा नाही."

आम्ही म्हणालो, "बाई, बरीच वर्षे झाली. आठवणीत आवाज बदलतो."

"बदलत असेल," त्या शांतपणे म्हणाल्या. "पण ह्यांची पेटी अशी घुमत नव्हती कधी. आता गाणाऱ्यांचे शब्द मला कळले नाहीत. लोकांना शब्द कळले पाहिजेत, गिटार ऐकायला कोणी मिस्सेला येत नाही, असे हे म्हणायचे."

त्या रात्री आम्ही कारागिरांकडे बसलो. त्यांनी छायाचित्रे पुन्हा पाहिली, मग चिठ्ठ्यांचा डबा उघडला. पहिल्या व्हॉल्व्हच्या कॅथोडपाशी मूळचा एक लहान कंडेन्सर होता, अर्ध्या मायक्रोफॅरडचा. बहुतेक नकाशांत त्या जागी २५ मायक्रोफॅरडचा असतो. कारागिरांस वाटले होते की, त्या काळी योग्य भाग मिळाला नसेल म्हणून मिळेल तो बसविला असावा. त्यांनी ती चूक समजून सुधारली होती.

"चूक नव्हती," ते हळूच म्हणाले. "माझीच चूक झाली."

कारण असे. मोठा कंडेन्सर गिटारचे सारे स्वर सारखेच उचलून धरतो. लहान असेल तर वरचे स्वर उचलले जातात, तळाचे जाड स्वर मागेच राहतात. लहान खोलीत मोठा कंडेन्सर गोड लागेल. पण आमच्या चर्चचे छत उंच, भिंती उघड्या, फरशी दगडी. तेथे खर्ज घुमतो आणि शब्द त्यात बुडतात. मास्तरांनी ऐकले, काढले, पुन्हा ऐकले असेल, आणि अर्धा मायक्रोफॅरड ठेवला. ज्या वर्षांत लोक प्रथमच आपल्या भाषेत गाऊ लागले, त्या वर्षांत त्यांचे शब्द आपल्या वाद्याखाली झाकले जाऊ नयेत एवढ्यासाठी एका शिक्षकाने आपल्याच वाद्याचा आवाज आवरला होता. पेन्सिलीच्या तारखेचा अर्थ आम्हांस तेव्हा उमगला.

जुना कंडेन्सर गळका झाला होता. तो परत बसविण्यासारखा नव्हता. आज बाजारात मिळणारे सर्वांत जवळचे माप ०.४७. त्या मापाचा नवा कंडेन्सर कारागिरांनी कथिलाचे दोन डाग देऊन बसविला. काम दहा मिनिटांचे होते.

पुढल्या रविवारी नातवाने तेच स्तोत्र धरले. आवाज पहिल्याहून लहान वाटला, पण नितळ. गायकवृंदाचा शब्दन् शब्द मागच्या बाकापर्यंत पोहोचला. मास्तरीणबाईंनी आमच्याकडे पाहिले नाही. त्या गात होत्या.

वाचकांस दोन शब्द

जुने ते सारे सोने, असे आम्ही म्हणत नाही. या पेटीतील वाळलेले कंडेन्सर जपून ठेवण्यात कसलाच शहाणपणा नव्हता, आणि तो दोन टोकांचा प्लग तर पाप म्हणावा इतका धोकादायक होता. जे मेले ते बदललेच पाहिजे, जे जीवघेणे ते काढलेच पाहिजे. पण जे आपल्याला समजत नाही ते चुकीचेच आहे असे धरून चालू नये, एवढाच आमचा बोध. आमची चूक घाईची होती, कारागिरांची चूक ज्ञानाची. दोहोंवर उपाय एकच: आधी विचारावे, मग हात लावावा. हे पेट्यांपुरतेच खरे नाही. वडीलधाऱ्यांच्या रीतीभाती, धर्मग्रामातील जुने प्रघात, घरातील म्हातारी माणसे यांच्याविषयीही आपण असेच वागावे. मिणमिणत्या वातीविषयी पवित्र शास्त्रात काय म्हटले आहे, ते वाचकांस ठाऊक आहे.

आपल्या चर्चमध्ये जुना ध्वनिवर्धक, रेडिओ अथवा भोंग्यांची पेटी पडून असेल, तर तीन गोष्टी कराव्यात. ती चालू करून पाहू नये. वजनावर देण्यापूर्वी एखाद्या जुन्या, जाणत्या कारागिराला दाखवावी. असे लोक आता थोडे उरले आहेत, त्यांच्या हाताखाली एखाद्या तरुणास बसवावे. ईएल ८४ व ईसीसी ८३ यांसारखे व्हॉल्व्ह स्लोव्हाकियात, रशियात व चीनमध्ये आजही तयार होतात, तेव्हा भाग मिळत नाहीत ही सबब नाही. आणि पेटी जुनी असो वा नवी, चर्चमधील विजेच्या अर्थिंगची तपासणी येत्या सणापूर्वीच करून घ्यावी.

मास्तरांचा नातू आता दर शनिवारी त्या कारागिरांच्या ओसरीवर जातो. डाग कसा द्यावा हे शिकण्यापूर्वी त्याला म्हणे महिनाभर नुसत्या चिठ्ठ्या लिहावयास लावले होते. आमच्या घाईने जळालेला तो ईझेड ८१ आम्ही लिहिण्याच्या मेजावर ठेवला आहे. त्यालाही चिठ्ठी बांधली आहे.